दत्तूमामांची पांढरी टेप

दुसरा रिपोर्ट पहिल्यापेक्षा वाईट आला.

तो मी विहिरीच्या कडेला उभ्या उभ्या मोबाईलवर वाचला. समोर आमचं स्किड चालू होतं. स्किड म्हणजे लोखंडी चौकटीवर बसवलेला आख्खा छोटा प्लँट. टेम्पोतून आणायचा, उतरवायचा, पंपाला जोडायचा.

सुप्याजवळच्या त्या वस्तीवर विहीर हिराबाईंची. वरच्या अंगाला एक बंद पडलेला कारखाना. तिथं आग विझवायच्या सरावाला फेस मारायचे, तो जमिनीत मुरला आणि झऱ्यावाटे विहिरीत उतरला. त्या फेसात पीएफएएस नावाची रसायनं असतात. पाणी, तेल काही चिकटू नये म्हणून माणसानं बनवलेली. मोडत नाहीत, कुजत नाहीत, उकळून जात नाहीत. पाणी दिसायला नितळ, पण विहीर पिण्यासाठी बंद. आख्खी वस्ती टँकरवर.

आमचं संशोधन रेझिनवर. खसखशीएवढे मणी, पाण्यातलं हे रसायन धरून ठेवणारे. लॅबमध्ये कॉलममधून, म्हणजे हे मणी भरलेल्या उभ्या नळकांड्यातून, पाणी स्वच्छ बाहेर पडायचं. इथं पडत नव्हतं.

डायरेक्टर मेहेंदळे सरांचा फोन आलाच.

"मनीषा, रिपोर्ट पाहिलास?"

"पाहिला, सर."

"रेझिन फील्डला चालत नाही, असं लिहून मोकळे होऊ. टेम्पो पाठवतो."

"सर, रेझिन चालत नसेल तर आकडा तेवढाच राहील, नाहीतर हळूहळू वाढेल. एकदम उडी का मारली?"

"का?"

"तेच शोधते. एक टेस्ट द्या."

"एकच. मग टेम्पो."

आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. आईवडील पाथर्डीकडून ऊसतोडीला जायचे. अर्धा फड टाकून टोळी परत येत नाही, एवढं मला इंजिनिअरिंगच्या आधीपासून माहीत होतं.

दोन रिपोर्टांच्या मधे काय बदललं, एवढाच प्रश्न होता. रेझिन तेच. पंप तोच. मी आमच्या फिटरला, दत्तूमामांना विचारलं.

"काय न्हाई बदललं," ते म्हणाले. "उलट आउटलेटला जरा पाझर हुता, तो पक्का केला. आता थेंब गळला तर मिशी उतरवीन."

"पक्का कशानं केला?"

"टेपनं. आधीची हुतीच, वर डबल मारली. सगळ्याच जॉईंटना मारली, हात लागला तसा."

त्यांच्या खिशातून पांढऱ्या टेपचं रीळ डोकावत होतं. नळाच्या आट्यांवर गुंडाळतात ती. घराघरात असते, कुणी तिच्याकडं बघतही नाही. मी रीळ हातात घेतलं. ही टेप टेफ्लॉनची. पीएफएएसच्याच खानदानातली.

कॉलमच्या आधीच्या जॉईंटमधून काही सुटलं तर पुढं रेझिन ते धरणार. कॉलमच्या नंतर मात्र धरणारं कुणी नाही, सरळ नमुन्याच्या बाटलीत.

पण संशय म्हणजे पुरावा नव्हे. लॅबमधून पीएफएएस नसलेल्या पाण्याचे कॅन मागवले. याला आम्ही ब्लँक म्हणतो, कोरं पाणी. कॉलम बाजूला ठेवून ते फक्त आउटलेटच्या पाइपातून सोडलं. थोडं कॅनमधलं तपासायला पाठवलं, थोडं पाइपातून निघालेलं. कॅनमधलं कोरंच होतं. पाइपातलं नव्हतं.

"म्हंजे पानी मी नासवलं?" मामांचा चेहरा उतरला.

"तुम्ही नाही मामा, टेपनं."

"टेप मीच लावली की."

हिराबाई कट्ट्यावर बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "म्हंजे चोर धरायला चोराच्याच भावाला राखनीला बसवला म्हना की!"

मामा सोडून सगळे हसले. मग मामाही हसले.

मी सरांना फोन केला.

"टेस्ट झाली ना? टेम्पो?"

"टेम्पो पाठवा, सर. रिकामा नको. काळा पाइप आणि जोडायचा तवा पाठवा."

शेतातली पाइपलाइन जोडतात तशीच आम्ही ती जोडली. दोन्ही टोकं गरम तव्याला लावायची, वितळली की एकमेकांवर दाबून धरायची. आटे नाहीत, टेप नाही. मामांनी जुने सगळे जॉईंट स्वतः कापून काढले, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. मग नवी लाइन भरपूर पाण्यानं धुतली आणि नमुना घेतला.

रिपोर्ट आला. "नॉट डिटेक्टेड."

"म्हंजे न्हाई?" हिराबाईंनी विचारलं.

"म्हणजे मशीनला सापडत नाही."

"मग न्हाईच की!"

"असेच अजून रिपोर्ट येऊ द्या. मग पिण्याचं बघू."

"तवर?"

"तोवर टँकर."

"लई चिवट हायस गं बाई," त्या म्हणाल्या. पण त्या दिवशी कट्ट्यावरून उठून त्यांनी स्वतः पंपाचं बटण दाबलं.

सरांचा निरोप एका ओळीचा होता: स्किड तिथंच राहू दे. पुढचे रिपोर्टही तसेच आले, आणि वस्तीचा टँकर बंद झाला.

आमच्या शोधनिबंधात रेझिनवर पानंच्या पानं आहेत, जॉईंटवर एक ओळ नाही. आता प्रत्येक नव्या स्किडवर पहिली सूचना मोठ्या अक्षरात असते: आउटलेटला पांढरी टेप नाही. नव्या फिटरना मामा हा शोध स्वतःचा म्हणून सांगतात.

मी हरकत घेत नाही. टेप त्यांनीच लावली होती.