शिवू नका

सुमेधाताईंच्या तोंडी दिवसातून पन्नासदा एकच बोल येतो: "शिवू नका." जालन्याच्या एका खाजगी दवाखान्यात त्या आयसीयूच्या इनचार्ज सिस्टर आहेत. आष्टीला त्यांच्या आजीने हाच बोल आडावर जन्मभर ऐकला. नात तो आता सगळ्यांना सारखाच ऐकवते, जात न विचारता. दोन पिढ्यांत घराण्याने एवढी मजल मारली.

कुंभार पिंपळगावचे सर्जेराव व्हेंटिलेटरवर होते. सहाव्या दिवशी त्यांना ताप चढला, नळीतून पिवळा कफ येऊ लागला. नळीच्या वाटेने फुप्फुसात न्यूमोनिया उतरला होता. कफाचा रिपोर्ट आला: अकरा औषधांपुढे 'आर', म्हणजे जंतू दाद देत नाहीत. एकापुढे 'एस'. सर्जेरावांचा जीव त्या एका अक्षराला टांगलेला.

भेटीच्या वेळी त्यांची बायको केशरबाई आत आल्या. पदराखाली शहागडहून आणलेली गोदेच्या पाण्याची बाटली. रीतीप्रमाणे आधी शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या पायावरून हात फिरवला, "बरं वाटंल बाबा" म्हणाल्या आणि त्याच हाताने नवऱ्याकडे वळल्या.

"काकू, शिवू नका!"

हात हवेतच राहिला. "नवऱ्याला शिवू न्हाई?"

"त्या बाबांचे जंतू तुमच्या हातानं इकडं येतील. आन् ते पाणी तोंडात टाकलं तर थेट फुप्फुसात जाईल."

"गंगेचं हाय, बाई."

"जंतूला काय ठाऊक?"

केशरबाई हसल्या नाहीत. "आमची सासू असंच वरडायची. पण ती..." सुमेधाताईंच्या छातीवरची आडनावाची पट्टी पाहून त्या घुटमळल्या. "तुमच्यातल्या लोकांवर."

"माहितंय. हात धुवायची का ती?"

"न्हाई."

"मंग तिचं चुकत होतं. बेसिन तिकडं हाय."

ते एक औषध सुरू झालं. सर्जेरावांची खाट उशाकडून उचललेली, तोंड दर पाळीला साफ केलेलं. दारात मात्र केशरबाईच पहाऱ्याला. आल्यागेल्याला बेसिन दाखवायच्या. दिराला त्यांनी दोनदा धुवायला लावलं, जुनं काहीतरी वसूल होत होतं.

औषधाच्या नवव्या दिवशी नळी निघाली. जनरल वॉर्डात हलवताना केशरबाई सुमेधाताईंसमोर उभ्या राहिल्या.

"माय, आता शिवू का?"

सुमेधाताईंची नजर सवयीने बेसिनकडे गेली.

"धुतलेत, धुतलेत!" म्हणत केशरबाईंनी ओल्याच हातांनी त्यांचे दोन्ही हात धरले.

पुढच्या खाटेकडे जाण्याआधी सुमेधाताईंना पुन्हा हात धुवावे लागणार होते. त्यांनी घाई केली नाही.