फ्लेक्सच्या आड नबी शेख

बीबीजानला लोक तोंडाळ म्हणतात. म्हणू द्या. नांदूरघाटच्या चौकात तिचा फळांचा गाडा अन् माझी भज्यांची कढई शेजारी शेजारी, जलम गेला आमचा तिथं. ती कुणाच्या अध्यात न्हाई की मध्यात न्हाई. फक्त तिच्या भावाच्या पाटीला कुणी हात लावायचा न्हाई.

तिचा भाऊ नबी हवाई दलात मेकॅनिक होता. एकाहत्तरच्या लढाईत विमानतळावर बॉम्ब पडले, तवा पेटत्या शेडमधून इंधनानं भरलेलं विमान ढकलून बाहीर काढताना गेला. दफन तिकडंच केलं, पंजाबात. बीबीजान तवा शाळकरी पोर. कबर तिनं अजून डोळ्यानं पाह्यली न्हाई. मागं ग्रामपंचायत पुतळा बसवू म्हणत होती, तर हीच म्हणली, आमच्यात पुतळा चालत न्हाई, नाव द्या. मग चौकाला नाव दिलं, खांबावर निळी पाटी लागली: हवाई वीर नबी शेख चौक. त्या दिवशी तिनं अख्खा गाडा फुकट वाटला.

पण आमच्याकडं पुढाऱ्यांचे वाढदिवस काय थोडे हायत? अन् मेल्यांना फ्लेक्स बांधायला तोच खांब दिसतो. महिना महिना पाटी झाकलेली. बीबीजाननं हात जोडले, ग्रामसेवकाकडं खेटे घातले. काढतो काढतो म्हणायचे अन् त्याच्यावरच दुसरा चढवायचे. लोकं पुन्हा 'स्टँड चौक' म्हणायला लागली. ते ऐकलं की हिचं तोंड उतरायचं अन् माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

औंदा पुढारी अर्जुनरावांचा वाढदिवस आला. पोरांनी घराएवढा फ्लेक्स ताणला. सकाळी बीबीजान आली, वर बघितलं. टरबूज कापायची सुरी घेतली, माझ्या स्टुलावर चढली अन् पाटीएवढा चौकोन कापून काढला. स्टूल मीच धरलं होतं. का न्हाई धरणार? आता तो चौकोन नेमका अर्जुनरावांच्या तोंडावर आला, त्याला ती काय करील? खाली त्यांचे जोडलेले हात अन् वर नबीचं नाव.

केक कापायला अर्जुनराव आले अन् लालबुंद झाले. हवालदार शहादेव बंदोबस्ताला होताच. त्याला म्हणाले, इथंच तक्रार लिहून घे. गर्दी जमली. मला वाटलं, आता ही भिईल. हिनं सुरी पदराला पुसली अन् म्हणली, "मीच कापलं. लिव्हा."

शहादेवनं अर्जुनरावांना विचारलं, कुठं घडलं? ते म्हणाले, स्टँड चौकात.

"ह्या गावात असा चौक न्हाई," बीबीजान म्हणली. "जागा बरोबर लिव्हा, मग खुशाल आत टाका. तुमचा फोटू उद्या दुसऱ्या खांबावर लागंल, अर्जुनराव. माझ्या भावाला दुसरी जागा न्हाई."

शहादेवनं वर पाटीकडं बघितलं. तो म्हणाला, सायेब, पाटीवर हाय तेच लिहावं लागतंय, तुमीच सांगा. अर्जुनरावांनी गर्दीकडं बघितलं, मग मान खाली घालून पुटपुटले, "नबी शेख चौक."

"मोठ्यानं," बीबीजान म्हणली, "मागच्यांना ऐकू गेलं न्हाई."

अन् त्यांना म्हणावं लागलं.