जेवणात न धरलेलं

माझ्या नवऱ्याचं पोट सुटत चाललंय हे सगळ्यांत आधी मला कळलं, कारण त्याच्या पँटी मीच शिवते. गोंदिया-तिरोडा रस्त्यावरच्या गावात आमचं घर आहे आणि पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन. ब्लाऊज, शाळेचे ड्रेस, फॉल-पिको असं काम बारा महिने चालू असतं. दारातून माणूस आत आला की मला त्याचं तोंड नंतर दिसतं, माप आधी दिसतं. पँट शिवताना मी कमरेला मागून थोडं जास्तीचं कापड आत दाबून ठेवते, पुढे उसवून वाढवता यावं म्हणून. नवऱ्याच्या पँटींतलं ते कापड संपलं तेव्हा मी त्याला सांगितलं, आता एक तर पोट कमी करा नाही तर लुंगी नेसा. त्याने हसण्यावारी नेलं. चारचौघांत मी त्याला अहो-जाहो करते, लिहिताना मात्र ‘तो’च म्हणणार आहे. या प्रकरणात तो अहो-जाहो करण्यासारखा वागलेला नाही.

तो शाळेची बस चालवतो. सकाळी आजूबाजूच्या गावांतली लेकरं गोंदियाच्या शाळेत सोडायची आणि शाळा सुटली की परत आणायची. मधले सगळे तास मोकळे. कोणतं पोर खिडकीपाशी बसलं नाही तर ओकतं, कोण उतरताना पाण्याची बाटली विसरतं, हे त्याला त्यांच्या आयांपेक्षा जास्त ठाऊक असतं. रविवारी बस धुताना तो तिच्याशी जेवढं बोलतो तेवढं माझ्याशी बोलत नाही, आणि हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. आवडीचं काम मिळालेला माणूस घरात कमी कुरकुर करतो.

शाळा दरवर्षी ड्रायव्हरांची तपासणी करून घेते. त्या वर्षी नवरात्राच्या सुमारास ती झाली आणि त्याची साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी खोदून विचारलं तेव्हा आणखी एक गोष्ट बाहेर आली. गाडी चालवताना मध्येच त्याच्या डोळ्यांपुढे धूसर व्हायचं. घरी तो यातलं अवाक्षर बोलला नव्हता. शाळेच्या मॅनेजरांनी सरळ सांगितलं, साखर ताब्यात आल्याचं डॉक्टर लिहून देत नाहीत तोवर स्टेअरिंगला हात लावायचा नाही. नोकरी ठेवली, पण दारापाशी. लेकरांना चढवायचं, उतरवायचं, दार लावून ‘चलो’ म्हणायचं. त्याच्याच बसवर दुसरा ड्रायव्हर आला. तो गिअर टाकताना खर्रकन आवाज करायचा आणि तो आवाज नवरा रोज संध्याकाळी मला काढून दाखवायचा.

मॅनेजरांचं चुकलं असं मला एकदाही वाटलं नाही. बसभर लोकांची लेकरं असतात. पण दारात उभा राहून लेकरांची दप्तरं धरणारा नवरा मी एकदा आमच्या फाट्यावर पाहिला आणि मला फार वाईट वाटलं. काहीही झालं तरी याला पुन्हा त्या सीटवर बसवायचं, असं मी तिथंच ठरवलं. आणि मी एखादी गोष्ट ठरवली की घरातल्यांनी बाजूला सरकलेलं बरं.

डॉक्टरांकडे मीही सोबत गेले होते. त्यांनी विचारलं, “दिवसभरात काय काय खाता?”

“दोन टाईम जेवतो,” नवरा म्हणाला. “भात, वरन, भाजी. बाकी काहीच नाही.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, कारण मलाही तेच माहीत होतं. तेव्हा डॉक्टर म्हणाले, म्हणजे भातच जास्त होत असणार. गोळ्या लिहून दिल्या, भात कमी करायला आणि रोज चालायला सांगितलं. साखर अशीच राहिली तर डोळे, किडनी, पायांच्या नसा, सगळ्यांवर हळूहळू परिणाम होतो आणि माणसाला उशिरा कळतं, हेही समजावलं.

मी घरी आल्या आल्या भाताचा वाडगा बदलला. आमच्या भागात भाताला हात लावणं म्हणजे साधं काम नाही. सगळीकडे धानाची शेती, जिकडेतिकडे राइस मिल, पाहुणा आला की आधी तांदूळ धुवायला घ्यायचे. नवऱ्याने तोंड पाडलं, पण लहान वाडग्यात जेवायला लागला. गोळ्याही घेत होता. मी खूश होते. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर साखर उतरायच्या ऐवजी आणखी चढलेली. गोळ्याच बरोबर नाहीत, असं नवरा म्हणू लागला. मला तर पँटींवरूनच शंका यायला लागली होती. कमी भात खाणाऱ्या माणसाची कंबर वाढते कशी?

अस्तर आणि चेन आणायला मी गोंदियाला गेले, त्या दिवशी कोडं सुटलं. बाजार आटोपून मी त्याच्या शाळेकडे वळले. शाळेच्या भिंतीला लागून कडुनिंबाखाली बसवाले बसतात आणि त्यांच्यासमोर सगळा बंदोबस्त आहे: चायनीजची गाडी, समोसा-आलुबोंड्याचं दुकान, त्याला लागून कोल्ड्रिंकचा फ्रीज. माझा नवरा बाकावर बसून नूडल्स खात होता. बाजूला द्रोणात समोशाचा उरलेला कोपरा आणि गोड चटणी. मला पाहून तो दचकला नाही, लपवायलाही गेला नाही. उलट सरकून जागा करून दिली आणि माझ्यासाठी प्लेट सांगू लागला.

“जेवले काय तुमी?” मी विचारलं.

“कुठं जेवलो?” तो म्हणाला. “डब्बा तसाच आहे. आता खातो.”

त्याच्या मिशीला लाल सॉस लागलेला होता. आणि तो खोटं बोलत नव्हता, हीच तर गंमत. त्याच्या चेहऱ्यावर चोरी पकडल्याची खूण नव्हती, कारण त्याच्या मते त्याने काही खाल्लंच नव्हतं. आमच्याकडे जेवण म्हणजे भात. लग्नाच्या पंगतीत पुरी, भाजी, बुंदी सगळं वाढून झालं तरी माणूस भाताची वाट पाहत बसतो, आणि भात संपला असेल तर घरी येऊन सांगतो की आज जेवलो नाही. भाताशिवाय जे पोटात जातं त्याला नाश्ता म्हणतात आणि नाश्ता कोणी धरत नाही. डॉक्टरांना त्याने मनापासून खरं सांगितलं होतं आणि मीही मनापासून मान हलवली होती. मी भात कमी केला तशी त्याला भूक लागायला लागली आणि त्या भुकेला तो आणखी नाश्ता घालत होता.

मला राग आला आणि हसूही आलं. राग जास्त होता. मी त्याला तिथंच काही बोलले नाही, कारण बाजूला त्याचे सोबती होते. घरी आल्यावर मात्र मशीन बंद केली आणि त्याला समोर बसवलं.

“आजपासून पानी सोडून तोंडात जे जाईल ते जेवन,” मी म्हटलं. “सकाळपासून काय जेवले, सांगा.”

तो बोटांवर मोजायला लागला. आमच्या फाट्यावर चहा आणि खारी. शाळेत पोहोचल्यावर तर्री-पोहे. मग आलुबोंडा, कारण गरम निघून राहिले होते. मग नूडल्स. कोल्ड्रिंक सगळ्यांनी मिळून घेतलं, ते धरायचं काय? मी म्हटलं, धरायचं. पुढं डबा. परतताना पुन्हा चहा. सांगता सांगता त्याचा आवाज बारीक होत गेला आणि शेवटी तो स्वतःच म्हणाला, “एवढा तर बैल बी नाही खात.” दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन आम्ही हे सगळं सांगितलं. ते आधी हसले आणि मग गंभीरपणे म्हणाले की मैदा, तेच तेच तापवलेलं तेल आणि बाटलीतली साखर एवढं रोज जात असेल तर गोळी बिचारी काय करणार.

बाहेरचं बंद करायचं हे कळलं, पण त्या मोकळ्या तासांत खायचं काय? रिकामा बसलेला माणूस खातोच. मी मोबाईलवर पाहून ओट्सचं पाकीट आणलं. शिजवल्यावर त्याची झाली खळ. नवऱ्याने एक घास घेतला आणि विचारलं, “हे कपड्याले लावाचं आहे काय?” मला त्याचं म्हणणं पटलं. मग चिवडा दिला, मुरमुरे दिले. थोड्या दिवसांनी माझ्याच डोक्यात प्रकाश पडला की हाही तांदूळच, नुसता फुगवलेला आणि चपटा केलेला. तेव्हा ठरवलं की पाकीट नको आणि नाश्त्याच्या नावाखाली तांदूळही नको. त्या दिवसांत शिंगाड्यांचा मोसम होता. आमच्या तलावांत शिंगाडे होतात, उकडून काळे झालेले ढीग रस्त्याच्या कडेला विकायला असतात. सोलून खायला वेळ लागतो, आणि मला तेच हवं होतं. त्यातही पीठ असतंच, म्हणून मी मूठभरच द्यायची. बाकी डब्यात हरभऱ्याच्या घुगऱ्या, वरून कांदा आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. थंडी पडली तसे पोपटीचे, म्हणजे वालाचे, ओले दाणे निघाले, ते मिठाच्या पाण्यात वाफवून. कधी उकडलेली अंडी. घरी लहान वाडगाभर भात, त्याच्या दुप्पट भाजी, आणि जवसाची चटणी. यातलं काहीही नवीन नव्हतं. माझी आई हे सगळं करायची, फक्त ती त्याला काही विशेष समजत नव्हती.

सोबत्यांनी आधी त्याची टर उडवली. मग घुगऱ्यांत हात घालायला सुरुवात केली. डबा लवकर रिकामा व्हायचा आणि हा भुकेला राहायचा, म्हणून मी डबा मोठा केला, पण सोबत निरोपही पाठवला की मी खानावळ काढलेली नाही. तेव्हा त्यांच्यातल्या एकाने घरून शेंगा आणायला सुरुवात केली. बाकीचे समोसेच खात राहिले. ज्याचं त्याचं पोट. जेवणं झाली की नवरा शाळेच्या भिंतीला फेऱ्या मारायचा आणि लेकरं खिडकीतून त्याला हाका मारायची.

चायनीजवाल्याची मात्र मला थोडी भीती होती. त्याचं रोजचं गिऱ्हाईक मी तोडलं होतं. पुढच्या खेपेला बाजार आटोपून शाळेकडे गेले तेव्हा तो मला गाडीवरूनच म्हणाला, “भाभी, आपने तो हमारा कस्टमर बिगाड़ दिया.” मी म्हटलं, तुमची तब्येत तर चांगली दिसते. तो हसून म्हणाला, “मैं कहाँ खाता हूँ ये? मुझे एसिडिटी है. मेरा टिफिन घर से आता है.” आणि त्याने गाडीखालून डबा काढून दाखवला. दाल, भात, भेंडी. मी नवऱ्याला ते बघायला लावलं.

सगळं सुरळीत झालं असं नाही. पौर्णिमेला आम्ही विहारात गेलो, वंदना झाली आणि खीर वाटली गेली. याने द्रोण दोन्ही हातांनी घेतला. मी नुसतं पाहिलं. “हे दान आहे,” तो पुटपुटला, “हे जेवन कसं होईल?” मी म्हटलं, दान पोटात गेलं की जेवणच. त्याने दोन घास खाल्ले आणि उरलेली शेजारच्या पोराला दिली. घरी येताना माझ्यापुढे दहा पावलं चालत राहिला. मला त्याची दया आली, पण मी माघार घेतली नाही. मला तो डोळे शाबूत असलेला हवा होता. बाकी रुसवे-फुगवे मी लग्न झाल्यापासून निभावत आले आहे.

आंब्याला मोहोर आला तेव्हा पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट घ्यायला तो एकटाच गेला. मी येते म्हटलं तर नको म्हणाला, तिकडूनच शाळेत जायचं होतं. मी मशीनवर बसले, पण त्या दिवशी एका ब्लाऊजची बाही मी उलटी लावली, ती उसवली आणि पुन्हा उलटीच लावली. मी कितीही ठाम असले तरी रक्त माझं ऐकतं असं नाही. साखर उतरली नसेल तर हा माणूस दारातच उभा राहणार, आणि मी त्याच्या तोंडचा घास काढला तोही फुकट जाणार, हे मला दिवसभर टोचत होतं.

संध्याकाळी तो आला. हातपाय धुतले, आत येऊन जेवायला बसला. चेहऱ्यावरून काही कळेना. मी ताट घेतलं आणि भाताच्या गंजावरचं झाकण काढायला हात नेला.

“भात आज नको वाढू,” तो म्हणाला. “समोसा खाल्लो. पुरा एक. सोबतवाले ऐकतच नव्हते.”

मी काही विचारलेलं नव्हतं. मी वाटीत भाजी वाढली.

“सोबतवाले काऊन ऐकत नव्हते?” मी विचारलं.

“पार्टी मागत होते,” तो म्हणाला आणि भाजीकडे बघत हसला. “उद्या गाडी मी नेतो.”

इतके महिने वाट पाहिलेली बातमी त्याने समोशाच्या मागून सांगितली. मला रडू आलं. त्याला वाटलं समोशामुळे.