जाऊबाईंचा झटका

घरात एकट्याने चादरीची घडी घालणाऱ्यांना आमचं काम कळायचं नाही. आमच्या लाँड्रीत हॉटेलांच्या चादरी येतात, डबल बेडच्या, लांबरुंद. त्यांची घडी दोघींनी घालायची असते. समोरासमोर उभं राहून चारी कोपरे पकडायचे आणि मागे रेलून एकदम झटका द्यायचा. झटका बरोबर बसला की फट्ट असा आवाज येतो आणि सुरकुत्या पळतात. मग एकमेकींकडे चालत जाऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. माझ्या समोर कायम माझ्या थोरल्या जाऊबाई असत. मला या कामाला त्यांनीच लावलं. त्यांच्यासारखा झटका सगळ्या लाँड्रीत कुणाचा नव्हता, नवीन मुलींच्या हातून चादर सुटून जायची.

हसणंही तसंच. आमच्या देखरेखीच्या बाईंना आम्ही पाठीमागे ‘इस्त्री’ म्हणतो, कारण त्यांच्या चेहऱ्यावर कधी एक रेघ हलत नाही. हे नाव जाऊबाईंनीच पाडलं आणि पाडताना स्वतःच इतक्या हसल्या की चादर खाली गेली आणि परत धुवावी लागली.

आणि मग हळूहळू त्यांचा झटका मेला. कोपरे धरायच्या, पण मागे रेलायच्या नाहीत. नुसतं ओढल्यासारखं करायच्या. चादरी सुरकुतलेल्याच रचल्या जाऊ लागल्या आणि एका हॉटेलाने गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवला. इस्त्रीने सगळ्यांसमोर सांगितलं, पुन्हा असं झालं तर यांना तळघरात मळके कपडे निवडायला पाठवीन. तिथे खिडकी नाही, बोलायला माणूस नाही. उभा जन्म घडीच्या टेबलाशी काढलेल्या बाईला तिथे पाठवणं म्हणजे जिवंतपणी कपाटात ठेवण्यासारखं.

मी भडकले. माझा स्वभावच तसा, पोटात काही राहत नाही. म्हटलं, “जाऊबाई, हात दुखतात की माझं तोंड बघून कंटाळलात?” त्यांनी पुढची चादर उचलली. पाणी पिणं सोडलेलं, रोज काळाच ड्रेस, पिशवीत कपड्यांचा एक जादा जोड. मी इस्त्रीची नक्कल करून हसवायला गेले तर माझ्यावरच डाफरल्या, “मला हसवू नकोस म्हणून किती वेळा सांगायचं?” इतक्या वर्षांत त्यांनी मला असं कधी झिडकारलं नव्हतं. मी त्यांना दंडाला धरून ड्रायरच्या खोलीत नेलं. तिथे मशीनच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही.

“झटका दिला की होते गं,” त्या म्हणाल्या. “शिंकलं की होते. हसले तर विचारूच नकोस.”

“काय होते?”

“लघवी. आता पाटी लावून फिरू का?”

तीन बाळंतपणं, वर आयुष्यभर ओल्या चादरींची ओझी. हे दुखणं त्यांनी नवऱ्याला, माझ्या थोरल्या दिरांनाही सांगितलं नव्हतं. मला राग आला, पण त्यांचा नाही. असलं दुखणं निमूट सोसायचं असतं असं बायकांना कोण शिकवतं, त्याचा आला. सुट्टीच्या दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन गेले.

डॉक्टरांनी तपासलं आणि ऑपरेशनचं नंतर बघू, आधी हे करून पाहा म्हणाल्या. हे म्हणजे पेसरी. सिलिकॉनची मऊ रिंग, एका बाजूला छोटासा गोळा. ती योनीमार्गात बसवायची, म्हणजे लघवीच्या नळीला आतून आधार मिळतो. नर्सने माप बघून एक बसवली आणि जाऊबाईंना खोकायला लावलं, उकिडवं बसवलं, जिना चढायला लावला. पहिली घसरली. दुसरी टिकली. काढायची कशी, धुवायची कशी, परत बसवायची कशी, सगळं दाखवलं. वर स्नायू आवळायचे व्यायाम दिले.

परत येताना जाऊबाई रस्त्यात मुद्दाम खोकत चालल्या होत्या. लोक बाजूला सरकत होते. मला हसू आवरेना.

पण आनंद टिकला नाही. आठवडा सरायच्या आत आतून आग व्हायला लागली, बसवेना. त्यांनी रिंग काढून कपाटात टाकली. म्हणाल्या, “माझ्या नशिबात नाही. इस्त्रीला सांग, मी जाते तळघरात.” आणि खरोखरच ॲप्रनची घडी घालून माझ्या हातात दिली. बाई हरलेली मला बघवत नव्हती.

मी तो ॲप्रन आणि ती रिंग घेऊन त्यांना पुन्हा दवाखान्यात उभं केलं. नर्सने रिंग नाकाजवळ नेली आणि मान मागे घेतली.

“ही कशाने धुता?”

“चादरींच्या ब्लीचमध्ये रात्रभर भिजवते,” जाऊबाई ताठ मानेने म्हणाल्या. “मग उकळत्या पाण्यात. आमच्याकडे नुसत्या साबणाने धुतलेलं, ते धुतलेलं धरत नाहीत.”

मी कपाळावर हात मारला. पण बोलणार काय, मीही तसंच केलं असतं.

“चादरीला आग होत नाही बाई, तुम्हाला होते,” नर्स म्हणाली. “कोमट पाणी, साधा सौम्य साबण, वर भरपूर पाणी. बस.”

“त्याने निघतं?”

“निघतं.”

“सगळं?”

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, “निघतं हो जाऊबाई, आता सोडा तिला.” डॉक्टरांनी तपासून मलम दिलं, आतली जखम भरेपर्यंत थांबायला सांगितलं आणि नंतर नवी रिंग बसवली. या वेळी आग नाही, काही नाही. त्या इस्त्रीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि घडीच्या टेबलावर आणखी एक संधी मागितली.

इस्त्री त्यांच्या बाजूलाच हाताची घडी घालून उभी. पहिली चादर जाऊबाईंनी भीतभीतच ओढली, सुरकुत्या तशाच. दुसरी धरली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पाय रोवले आणि मागे रेलून असा झटका दिला की माझ्या हातून दोन्ही कोपरे सुटले आणि चादर उडून इस्त्रीच्या डोक्यावर पडली.

चादरीखालून इस्त्री काही बोलली, ते कुणाला कळलं नाही. जाऊबाई हसायला लागल्या. हसता हसता सवयीने गुडघे जुळवून टेबल पकडलं, डोळे मिटले, वाट पाहिली. मग हळूच टेबल सोडलं, सरळ उभ्या राहिल्या आणि पुन्हा हसल्या, पूर्वीसारख्या, पोट धरून.

मी डोळ्यांनीच विचारलं.

“कोरडी,” त्या म्हणाल्या. “धर कोपरा.”