कोंबड्यांसाठी लावलेला कूलर

वलगावच्या रस्त्याला आमची शेड आहे, अंडी देणाऱ्या कोंबड्यांची. लग्न होऊन अकोल्याहून इकडे आले तेव्हापासून मी तिथे रोज अंडी गोळा करते. तारेच्या पिंजऱ्यांच्या ओळी. अंडं पडलं की उतारावरून घरंगळत पुढे येतं. कोंबडीला पंख उघडण्यापुरतीही जागा नाही. मला त्याचं कधी काही वाटलं नाही, खोटं कशाला बोलू.

वाटायला लागलं ते माझ्या नवऱ्याला, मोबाइलमुळे. जेवताना ताटाशेजारी मोबाइल, त्यात परदेशातल्या शेडी. कुठे माणूस दिसतच नाही, अंडी पट्ट्यावरून आपोआप सरकतात. कुठे कोंबड्या गवतात मोकळ्या.

"तिकडे पिंजरे बंद करून राहिले," हे म्हणाले. "आपल्या कोंबड्याइनं कधी माती पायली नाई."

"तुमी पोळी घ्या, थंडी हून राहिली," मी म्हटलं.

हिवाळ्यात यांनी पिंजरे उघडले. खाली सोयाबीनचं कुटार, मळणीनंतरचा भुसा, पसरलं. कोंबड्या उतरेचनात, उचलून खाली ठेवाव्या लागल्या. मग हळूहळू त्यांना पाय फुटले. उकरायला लागल्या, पंख झाडायला लागल्या, आणि मला कोपऱ्याकोपऱ्यात वाकून अंडी शोधायचं काम लागलं. कंबर धरली. पण इतक्या वर्षांत हा माणूस शेडमध्ये गुणगुणताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. म्हणून कंबरेचं काही बोलले नाही.

मग मे महिना आला. मेमध्ये आमच्याकडे माणूस कूलरपुढून हलत नाही. एरवी आम्ही शेडच्या जाळीला ओली पोती बांधायचो, तेवढंच. या वर्षी यांनी बैठकीतला कूलर उचलला, त्यात नवा वाळा भरला आणि शेडच्या एका टोकाला लावला. दुपारी आम्ही जेवायला घरी आलो. घरात अंगाची लाही होत होती.

"आज कोंबड्या मालक अन् आपून नौकर," हे हसून म्हणाले.

परत गेलो तेव्हा कूलर चालूच होता. शेडमधल्या सगळ्या कोंबड्या कूलरपुढच्या एका कोपऱ्यात होत्या. मागच्या पुढच्यांवर चढलेल्या, त्यांच्यावर आणखी. वरच्या जिवंत होत्या, मान उंचावून वारा घेत होत्या. खालच्या गुदमरून मेल्या होत्या. आम्ही वरच्या उचलून लांब सोडायचो, आणि त्या पुन्हा तिकडेच पळायच्या. शेवटी मी कूलर बंद केला.

"मले वाटलं, त्याइले बरं वाटन," हे म्हणाले.

खड्डा खणला, चुना टाकला. मी टोपली भरत होते, रिकामी करत होते. मला काहीच वाटत नव्हतं. घरी कणीक भिजवून ठेवलीय, ती आंबेल, एवढंच डोक्यात होतं.

संध्याकाळी यांनी उरलेल्या कोंबड्या एकेक धरून पिंजऱ्यात घातल्या.

"उन्हायाभर ठेवा, मंग काढा," मी म्हटलं.

"अंदर मरत तं नाई थ्या," हे म्हणाले.

पावसाळा आला, हवा गार झाली. यांनी कोंबड्या काढल्या नाहीत. एका सकाळी मीच एका पिंजऱ्याची कडी काढली आणि दार उघडं ठेवलं. हे आले, त्यांनी ते लावलं, आणि पुढच्या सगळ्या कड्या हाताने ओढून बघत ओळीच्या टोकापर्यंत गेले.