मिशीआडचं गणित

बहिऱ्या मुलांच्या शाळेत मी दहावीला वर्षभर गणित शिकवलं, तेही ओठांवर उतरलेली भरघोस मिशी ठेवून.

बँकेतून निवृत्त झालो होतो, घरात माझीच अडचण व्हायला लागली होती. म्हणून कसब्यातून बसने हडपसरला जायचो. फुकट शिकवत होतो, त्यामुळे चेहऱ्यावर उपकाराचं तेज. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "मुलं ओठ वाचतात. फळ्याकडे वळून बोलू नका, तोंडावर उजेड घ्या, सावकाश बोला." तिन्ही गोष्टी इमानाने पाळल्या. मिशीबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. भिडस्त बाई.

"समजलं?" असं खुणेने विचारलं, की आठही मुलं माना डोलवायची. पहिल्या बाकावरची मुलगी सगळ्यात जोरात. तिच्या वडिलांनी सांगून ठेवलं होतं, पास झालीस तर अकरावी, नाहीतर नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरायच्या.

निकाल लागला. आठांपैकी पाच जण गणितात गेले. ती मुलगी बाकी सगळ्या विषयांत चांगली पास, आणि गणितात नापास.

"पाया कच्चा आहे हो मुलांचा," मी म्हणालो.

"पायाचं नंतर बघू," बाई म्हणाल्या. त्यांचा भिडस्तपणा निकालाबरोबर संपला होता. "आज मुलं खुणांनी सांगतायत, सरांचे ओठच दिसत नव्हते."

"मग मुलं माना कशाला डोलवायची?"

"न डोलवणाऱ्यावर आपण खेकसत होतात म्हणून."

त्याच संध्याकाळी मिशी काढली. आरशात एक अनोळखी, चोरट्या तोंडाचा माणूस दिसला. बोर्डाची पुरवणी परीक्षा व्हायची होती. शिकवणीला घरी येतो, हे सांगायला पंधरा दिवसांनी लोणी काळभोरला त्या मुलीच्या घरी गेलो. पंधरा दिवस का? तोंड दाखवायची लाज.

वडील दारातच म्हणाले, "फॉर्मची मुदत काल संपली. आम्ही भरला न्हाई. ती कामाला जातीय आता."

मुलगी नर्सरीतून आली. नखांत माती. माझ्या तोंडाकडे बघतच राहिली. मी सावकाश म्हणालो, "माझं चुकलं. माफ कर."

तिला पहिल्याच खेपेला कळलं. कोनाड्यातली वही काढून तिने लिहिलं आणि माझ्यापुढे धरलं:

"सर, मिशी परीक्षेच्या आधी काढायची."