मामाचा डावा कान

माझ्या मामाला डाव्या कानाने ऐकू येत नाही, असं सगळ्या कारखान्याला माहीत होतं. ऐकू येतं हे फक्त मामीला आणि मला माहीत होतं. कारखान्यात त्याला 'एककानी' म्हणायचे, तेही त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून, आणि तो बिचारा ऐकूनही न ऐकल्यासारखा पुढे जायचा.

आमचा कारखाना पत्र्याचे डबे करतो. मामा आधी प्रेसवर होता. हे यंत्र वरून खाली येतं आणि एका दणक्यात पत्रा कापतं. ते खाली यायच्या आधी कामगाराच्या डाव्या बाजूला घंटी वाजते, ती ऐकली की हात मागे घ्यायचे. एकदा शेजारच्या प्रेसवरच्या माणसाने हात मागे घेतले नाहीत. मामाचा तो जिवलग दोस्त. दोन बोटं गेली आणि मामाने ती पत्र्यावर पडलेली पाहिली.

त्यानंतर मामाचे हात थरथरायला लागले. घरी चहाचा कप धरायचा तर तो बशीत खडखडायचा. त्याने मुकादमाकडे दुसरं काम मागितलं, तर मुकादम सगळ्यांसमोर म्हणाला, "बांगड्या भरून ये, मग बघू." मला अजूनही त्या माणसाचं तोंड बघवत नाही. ताप आला तर रजा मिळते, हात मोडला तर मिळते. भीती वाटते म्हणणाऱ्याला मात्र हसतात. मग मामाने असं काहीतरी शोधलं की ज्याला कोणी हसणार नाही. एका कानाने ऐकू येत नसलेल्या माणसाला प्रेसवर ठेवायचं नाही, असा कारखान्याचा नियम होता.

तालीम घरीच झाली. मामा पेपर वाचत बसायचा आणि मामी डाव्या बाजूने येऊन ताट आपटायची. सुरुवातीला तो टुणकन उडायचा. मामी म्हणायची, "अहो, बहिरे आहात ना तुम्ही? मग उडता कशाला?" आम्हाला हसू आवरायचं नाही. मग मी त्याच्या डाव्या कानाशी कुजबुजायची, "मामा, तुझी चड्डी दिसतेय." हळूहळू तो हलेनासा झाला. चेहरा असा कोरा ठेवायचा की मलाच कसंतरी व्हायचं आणि मी समोर जाऊन त्याचा हात धरायची.

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी त्याच्या कानांना यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. डाव्या कानाच्या वेळी मामाने बटणाला बोटच लावलं नाही. बाईंनी आवाज वाढवत नेला आणि मग विचारलं, "एवढा मोठा आवाज पलीकडच्या चांगल्या कानालासुद्धा थोडा कळतो. तुम्हाला तोही कळला नाही?" मामाच्या पाचावर धारण बसली. "हलकंसं काहीतरी वाटलं," तो म्हणाला, "पण कुठल्या कानाने ते समजेना, म्हणून दाबलं नाही." बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. नंतर त्यांची नजर त्याच्या थरथरणाऱ्या हातांवर गेली. दाखला मिळाला. पण बाईंना सगळं कळलं होतं आणि कधीतरी पुन्हा बोलावतील, ही धास्ती मामाच्या मनातून कधी गेली नाही.

खोटं बोलणं सोपं असतं, एकदा बोललं की झालं. सोंग रोज उठून वठवावं लागतं. मामाला गोदामात बसवलं, तिथे यंत्र नव्हतं, हात हळूहळू शांत झाले. पण जीव काही शांत झाला नाही. डावीकडे कोणी विनोद केला की हसायचं नाही. कोणी हाक मारली की वळायचं नाही. एकदा हसू फुटलंच, तेव्हा त्याने खोकल्याची अशी उबळ काढली की लोकांनी पाणी आणून दिलं. झोपेत कोणी तपासायला आलं तर, म्हणून तो घरातसुद्धा डावा कान उशीत दाबून, एका कुशीवर आखडून झोपायचा. मी म्हणायची, "मामा, आता पुरे ना, इथे कोण बघतंय?" तो म्हणायचा, "सवय मोडली तर तिकडे घात होईल."

मी बारावीनंतर त्याच कारखान्यात लागले. डब्यांनी भरलेली गाडी मालाच्या लिफ्टमधून वरच्या मजल्यावर न्यायची, हे माझं आणि आणखी तिघींचं काम. लिफ्टचं दार मामाच्या गोदामासमोरच होतं, त्यामुळे दिवसभर आम्ही एकमेकांना दिसायचो.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मामाने मला गोदामात ओढलं. चेहरा पांढराफटक.

"पोरी, आजपासून लिफ्टने जाऊ नकोस. जिन्याने जा."

"गाडी डोक्यावर घेऊन जाऊ का?"

"चेष्टा नको गं. फिटर आत्ता मुकादमाला सांगत होता, लिफ्टचा ब्रेक धरत नाहीये, माल जास्त झाला तर सुटेल. मुकादम म्हणाला, ही ऑर्डर जाऊ दे, मग बंद ठेवू. माझ्या शेजारीच उभे होते. डावीकडे."

सकाळपासून कितीतरी वेळा मी त्या लिफ्टमधून वर गेले होते. मग एकदम राग आला, आणि राग आला की मला थांबता येत नाही. "आणि त्या तिघी? त्यांना पण जिना सांगायचा का? का सांगतेय म्हणून विचारलं तर काय सांगू?"

मामा खाली बसला. "तू पोटदुखी सांगून घरी जा," तो म्हणाला, "एवढं कर माझ्यासाठी."

"मी जाईन. त्या जाणार नाहीत."

तेवढ्यात सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. समोर लिफ्टचं दार उघडलं, आमच्यातली एकजण गाडी आत ढकलायला लागली. मामा उठला, धावत जाऊन त्याने दारात पाय घातला आणि ओरडला, "कोणी आत जायचं नाही!" मग ती गाडी दारातच आडवी लावून तो मालकसाहेबांच्या केबिनकडे निघाला. मी त्याच्यामागे.

साहेबांनी ऐकून घेतलं, मुकादमाला आणि फिटरला बोलावलं. फिटर जमिनीकडे बघत गप्प उभा राहिला. पोटावर पाय येईल म्हणून घाबरला होता. मुकादम मात्र शांत होता.

"साहेब, आम्ही याच्या डाव्या बाजूला उभे होतो. याला डाव्या कानाने ऐकू येत नाही. डॉक्टरांचा दाखला आहे. मग याने ऐकलं काय?"

मला वाटलं, त्याच्या थोबाडीत द्यावी. साहेब मामाकडे वळले. "ऑर्डर अडवायची तर कारण पक्कं पाहिजे. तुला ऐकू येतं की येत नाही?"

मामाचे ओठ हलले, पण इतक्या वर्षांची सवय घशात येऊन बसली होती.

"बरं," साहेब म्हणाले, "आत्ताच बघू." त्यांनी मुकादमाला मामाच्या उजव्या कानावर हात गच्च दाबून धरायला लावला. स्वतः मामाच्या मागे, डावीकडे गेले, वाकले आणि काहीतरी कुजबुजले. मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

मामा हलला नाही. चेहरा कोरा. आमच्या घरातल्या तालमीत असायचा तसाच. मनात म्हणत होते, वळ ना मामा, आता तरी वळ. मुकादमाच्या ओठांवर हसू यायला लागलं. बाहेरून कोणीतरी ओरडलं, "ए, लिफ्ट किती वेळ अडवणार? गाड्या साचल्यात!"

मामाचे हात थरथरायला लागले. किती वर्षांनी मी ते पुन्हा पाहिलं. त्याने मुकादमाचा हात कानावरून काढला आणि साहेबांकडे वळला.

"तुम्ही म्हणालात," मामा म्हणाला, "ऐकू येत असेल तर उद्यापासून प्रेसवर." मग म्हणाला, "ऐकू आलं साहेब. लिफ्ट बंद करा."

मग फिटर खालच्या मानेने म्हणाला, "खरं आहे साहेब. ब्रेक गेलाय."

साहेबांनी फोन उचलून लिफ्ट बंद करायला सांगितली. मुकादमाला बाहेर थांबवलं. मामाला म्हणाले, "सकाळी वेळेवर ये."

आम्ही गोदामात परत आलो. मामाने आपला डबा, पाण्याची बाटली, खुर्चीवरची उशी गोळा केली. पिशवीचा बंद त्याला बांधता येईना, मी बांधून दिला. त्या तिघी जिन्यातून एकेक डबा हातात घेऊन वर चढत होत्या आणि कामाचा खोळंबा केला म्हणून मामाच्या डाव्या बाजूने त्याला शिव्या घालत होत्या.

मामा सवयीने तसाच पुढे गेला. मग थांबला, वळला आणि त्यांना म्हणाला, "जपून चढा गं."